विंडोज अपडेट नीट कसं करावं आणि त्याच कॉम्प्युटरकडून जास्त काम कसं घ्यावं

विंडोजची अपडेट्स दोन प्रकारची असतात आणि दोन्हींना वेगळी वागणूक द्यावी लागते. दर महिन्याला येणारी सुरक्षेची अपडेट्स लांबवायची नसतात. वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती मात्र सवडीने, तयारी करून घ्यायची असते. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. महिन्याचं अपडेट ‘नंतर बघू’ म्हणून पुढे ढकलतात आणि नवी आवृत्ती दिसली की बॅकअप न घेताच बटण दाबून मोकळे होतात.

या दोन्हींची किंमत काय असते, हे दोन घटनांवरून दिसतं. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि दीडशेहून जास्त देशांतल्या दोन लाखांवर कॉम्प्युटरमधल्या फायली त्याने कुलूपबंद केल्या. तो ज्या त्रुटीचा फायदा घेऊन पसरत होता, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी दिलेलं होतं. दुसरी घटना २ ऑक्टोबर २०१८ ची. त्या दिवशी विंडोज १० ची नवी आवृत्ती आली आणि ती घेणाऱ्या काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फायलीच गायब झाल्या. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा द्यावी लागली. पहिल्या वेळी उशीर करणारे अडकले, दुसऱ्या वेळी घाई करणारे.

आपल्याकडे नेमकं काय आहे ते आधी बघा

कीबोर्डवरची विंडोज की आणि आर एकत्र दाबा. ‘रन’ नावाची छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजी अक्षरांत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर असं सलग टाइप करून एंटर दाबा. समोर येणाऱ्या खिडकीत विंडोज १० आहे की ११, आणि आवृत्ती कोणती, हे लिहिलेलं असतं. २४एच२ म्हणजे २०२४ सालच्या दुसऱ्या सहामाहीतली, २५एच२ म्हणजे २०२५ मधली.

हे बघायचं कारण असं की प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. विंडोज ११ च्या होम आणि प्रो प्रकारांना प्रत्येक आवृत्तीसाठी २४ महिने सुरक्षेची अपडेट्स मिळतात. २४एच२ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७ ला. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. मुदत संपली म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण त्यानंतर सापडणाऱ्या त्रुटी कोणी बुजवत नाही. बँकेचे व्यवहार, ईमेल आणि कामाची कागदपत्रं त्याच मशीनवर असतील तर ही गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी.

दर महिन्याचं अपडेट

मायक्रोसॉफ्टची सुरक्षेची अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. ती आपोआप उतरतात. तुमचं काम एवढंच की त्यांना वेळेवर रीस्टार्ट मिळू द्यायचा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथे ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि त्यात ‘ॲक्टिव्ह अवर्स’. इथे तुमच्या कामाच्या वेळा भरल्या की त्या वेळेत विंडोज स्वतःहून रीस्टार्ट घेत नाही. काम अर्धवट असताना स्क्रीन निळी होऊन ‘अपडेट चालू आहे’ असं दिसण्याची तक्रार बरेच जण करतात. ती बहुतेक वेळा इथेच मिटते.

महिन्याच्या अखेरीकडे ‘प्रीव्ह्यू’ असं लिहिलेलं एक ऐच्छिक अपडेट दिसतं. ते सोडून द्या. त्यातल्या दुरुस्त्या पुढच्या महिन्याच्या मुख्य अपडेटमध्ये येतातच. ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये दिसणारे ड्रायव्हर (उपकरणं चालवणारी छोटी सॉफ्टवेअर्स)सुद्धा एखादं उपकरण नीट चालत नसेल तरच घ्यावेत. चालू असलेल्या प्रिंटरला केवळ यादीत दिसतो म्हणून नवा ड्रायव्हर घालू नये.

इथे एक बारकावा आहे, जो बहुतेकांना कोणी सांगितलेला नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि आलेखाच्या खाली ‘अप टाइम’ शोधा. दिवस, तास, मिनिटं आणि सेकंद अशा चार आकड्यांत तो दिसतो. रोज रात्री कॉम्प्युटर बंद करणाऱ्यांनाही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो. कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाऊन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं आणि तो आकडा शून्यापासून मोजायला लागतो. त्यामुळे अपडेट पूर्ण करायचं असो किंवा एखादा विचित्र बिघाड घालवायचा असो, शट डाऊन नाही, रीस्टार्ट करायचं. माझ्या मते मशीन हळू झाल्याच्या तक्रारींवर पहिला उपाय हाच असावा.

नवी आवृत्ती घेण्याआधीची तयारी

इथे वेळ द्या. पुढची सगळी प्रक्रिया सोपी जाणं किंवा डोकेदुखी होणं याच तयारीवर ठरतं.

सगळ्यात आधी बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. एवढ्यावर थांबू नका. हिशेबाची किंवा बिलिंगची काही सॉफ्टवेअर्स आपला डेटा थेट सी ड्राइव्हवरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि तो या चार फोल्डरमध्ये येत नाही. त्या सॉफ्टवेअरमध्येच बॅकअपचा पर्याय असतो, तो वापरा. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड खात्याशी सिंक झालेत का, ते बघा. मग बॅकअपमधल्या दोन-चार फायली शक्य असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर विसंबून राहू नये. आणि वनड्राइव्हला बॅकअप समजू नका. ती सिंक आहे, म्हणजे इथे फाइल पुसली की तिथूनही ती हटते. शिवाय फुकट मिळणारी जागा ५ जीबीच आहे.

दुसरी गोष्ट, एन्क्रिप्शनची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची, रिकव्हरी की. अनेक लॅपटॉपमध्ये आणि नव्या डेस्कटॉपमध्येही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं. सेटिंग्जच्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ विभागात ते दिसेल. चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून त्या खात्यात लॉग इन करा, की शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, काही बदल केल्यावर निळ्या पडद्यावर हीच की मागितली जाते. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा कोणीही परत मिळवून देऊ शकत नाही. प्रो आवृत्ती असेल तर बायोसला हात लावण्याआधी कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) ‘सस्पेंड’ करून ठेवा.

बाकीची तयारी पटकन होते. सी ड्राइव्हवर २५ ते ३० जीबी जागा मोकळी करा. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस असेल तर तो तात्पुरता काढा, कारण अपग्रेड अडण्याचं ते नेहमीचं कारण असतं. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरच्या डिस्क काढून ठेवा. लॅपटॉप चार्जरला लावा.

मशीन विंडोज ११ ला चालेल का?

विंडोज ११ साठी ६४ बिटचा आणि मंजूर यादीतला प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, युईएफआय (बायोसचा नवा प्रकार), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतं. प्रोसेसरचा ढोबळ अंदाज असा: इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरची, एएमडीची रायझन २००० मालिका किंवा त्यानंतरची. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप नेमकं कशात मशीन कमी पडतं ते सांगतं.

ॲपने ‘टीपीएम सापडलं नाही’ असं सांगितलं की अनेक जण नवीन मशीन घ्यायचा विचार करू लागतात. थांबा. प्रोसेसर यादीत असेल तर टीपीएम बहुधा आतच असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, कंपनीनुसार की वेगळी असू शकते. इंटेलच्या मशीनमध्ये ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मशीनमध्ये ‘एफटीपीएम’ हा पर्याय शोधा. सिक्युरिटी किंवा ॲडव्हान्स्ड या विभागात तो असतो. तो चालू करा, सेव्ह करून बाहेर या आणि पुन्हा तपासा.

सिक्युअर बूटची गोष्ट थोडी नाजूक आहे. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा आणि ‘बायोस मोड’ ही ओळ बघा. तिथे युईएफआय असेल तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट चालू केलं की झालं. ‘लेगसी’ असेल तर तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने मांडलेली आहे आणि ती आधी जीपीटी या नव्या पद्धतीत बदलावी लागते. विंडोजमध्येच त्यासाठी एमबीआरटूजीपीटी नावाचं साधन आहे आणि ते डेटा न पुसता हे काम करतं. क्रम मात्र चुकवू नका: आधी डिस्क बदला, नंतर बायोसमध्ये लेगसी सोडून युईएफआय निवडा. बायोस आधी बदलला तर विंडोज सुरूच होणार नाही. हे करण्याचा आत्मविश्वास नसेल तर जाणकाराला शेजारी बसवा. बॅकअपशिवाय तर या वाटेला जाऊच नका.

प्रत्यक्ष अपग्रेड

तीन मार्ग आहेत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये नवी आवृत्ती आपोआप दिसत असेल तर तोच सर्वांत चांगला मार्ग. मायक्रोसॉफ्ट ती टप्प्याटप्प्याने देते आणि तुमच्या मशीनमधल्या एखाद्या ड्रायव्हरची अडचण माहीत असेल तर मुद्दाम थांबवून ठेवते. म्हणून ‘इतरांना आलं, मला का नाही’ म्हणून जबरदस्ती करू नका. महिना-दोन महिने थांबल्याने काही बिघडत नाही, सध्याच्या आवृत्तीची मुदत तेवढी शिल्लक असली म्हणजे झालं. विंडोज ११ मध्ये २४एच२ वरून २५एच२ वर जाणं तर अगदी हलकं आहे. दोन्हींचा गाभा एकच असल्याने छोटं पॅकेज उतरतं आणि एका रीस्टार्टमध्ये काम होतं.

दुसरा मार्ग ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून हा उतरवून चालवला की तो तपासणी करून नवी आवृत्ती घालतो आणि फायली, ॲप्स जागच्या जागी राहतात.

तिसरा मार्ग ‘मीडिया क्रिएशन टूल’. किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. तयार झालेल्या पेन ड्राइव्हचे दोन उपयोग आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. विंडोज चालू असताना त्यातली सेटअप फाइल चालवली आणि ‘फायली व ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडला तर ते अपग्रेड होतं. पेन ड्राइव्हवरून मशीन बूट (सुरू) करून विंडोज घातलं तर ते कोरं इन्स्टॉलेशन होतं आणि त्यात तुम्ही निवडलेलं पार्टिशन (डिस्कचा भाग) पुसलं जातं. वर्षानुवर्षांचा कचरा साठलेल्या मशीनला कोरं इन्स्टॉलेशन खरोखर मानवतं, पण सगळी सॉफ्टवेअर्स आणि त्यांची लायसन्स पुन्हा घालायची तयारी हवी.

प्रक्रियेत मशीन अनेकदा रीस्टार्ट होतं आणि टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थांबते. जुन्या हार्ड डिस्कवर तर तासन्‌तास लागू शकतात. डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. पॉवरचं बटण दाबू नका.

झाल्यावर काय बघायचं

विंडोज अपडेट पुन्हा एकदा तपासा. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये कुठे पिवळा त्रिकोण आहे का, आवाज, वाय-फाय आणि प्रिंटर चालतात का, सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन झालंय का, हे बघा. विंडोज १० चं लायसन्स रीतसर असेल तर ११ साठी वेगळं घ्यावं लागत नाही.

नवी आवृत्ती पसंत पडली नाही किंवा एखादं महत्त्वाचं सॉफ्टवेअर चालेना, तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे ‘गो बॅक’ हा पर्याय १० दिवस उपलब्ध असतो. जुनं विंडोज त्यासाठी ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये जपून ठेवलेलं असतं आणि ते बरीच जागा खातं. जागा मोकळी करायच्या नादात ते आधीच पुसलं तर परतीचा रस्ता बंद होतो. म्हणून या १० दिवसांत तुमचं प्रत्येक नेहमीचं काम एकदा तरी करून बघा, विशेषतः महिन्यातून एखाद्याच वेळी लागणारं. सगळं सुरळीत असेल तर नंतर ‘स्टोरेज’मधल्या ‘टेंपररी फाइल्स’मधून जुनं विंडोज काढून टाका.

अडलं तर

अपडेट वारंवार फसत असेल तर आधी जागा आणि इंटरनेट बघा, मग ‘ट्रबलशूट’ विभागातलं विंडोज अपडेटचं साधन चालवा. तरीही जमेना, तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन विंडोज अपडेटची सर्व्हिस थांबवा, सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ आणि त्यात ‘डाउनलोड’ इथे जा, तिथलं सगळं पुसा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. अर्धवट उतरलेल्या फायली निघून जातात आणि अपडेट नव्याने उतरतं. विंडोज ११ मध्ये याच्याही पुढचा एक उपाय आहे. ‘रिकव्हरी’मध्ये ‘फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट’ असं लिहिलेलं दिसेल. तो तीच आवृत्ती पुन्हा घालतो, पण फायली, ॲप्स आणि सेटिंग्ज तशाच ठेवतो.

अपडेटनंतर मशीन सुरूच होत नसेल तर पुष्कळदा काही वेळा अर्धवट सुरू होऊन बंद पडल्यावर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. महिन्याचं अपडेट काढायचं असेल तर ‘क्वालिटी’, नवी आवृत्ती काढायची असेल तर ‘फीचर’ निवडा.

मशीन पात्रच नसेल तर

अटी चुकवून विंडोज ११ घालायच्या युक्त्या सर्वत्र सापडतात. मी त्या सुचवत नाही. अशा मशीनला अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि २४एच२ पासून फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज सुरूही होत नाही. त्यापेक्षा विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर राहून वाढीव सुरक्षा अपडेट्सच्या योजनेत नाव नोंदवा. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. नोंदणीचा दुवा विंडोज अपडेटमध्येच दिसतो.

काम मुख्यतः ब्राउझर, ईमेल आणि साध्या कागदपत्रांचं असेल तर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम हा चांगला पर्याय आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. पेन ड्राइव्हवरून ते इन्स्टॉल न करताच चालवून बघता येतं, त्यामुळे वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर चालतात का, हे डिस्कला हात न लावता कळतं. फक्त विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर तुमच्या कामाला लागत असेल तर मात्र आधी त्याची सोय बघा.

त्याच मशीनकडून जास्त काम

टास्क मॅनेजरमधलं ‘स्टार्टअप ॲप्स’ पान उघडा. विंडोजबरोबर कोणकोणती ॲप्स सुरू होतात आणि त्यांचा भार किती, हे तिथे दिसतं. ज्यांचा भार ‘हाय’ आहे आणि जी सकाळी लगेच लागत नाहीत, ती बंद करा. ॲप काढलं जात नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. अँटिव्हायरस आणि टचपॅड किंवा आवाजाच्या ड्रायव्हरला हात लावू नका.

‘स्टोरेज सेन्स’ चालू केलं की तात्पुरत्या फायली ठरावीक काळाने पुसल्या जातात. त्यात डाउनलोड्स फोल्डर साफ करण्याचाही पर्याय असतो. तो ‘नेव्हर’वरच ठेवा, कारण अनेकांची महत्त्वाची कागदपत्रं तिथेच पडलेली असतात. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारी आणि ड्रायव्हर आपोआप शोधून घालणारी बाहेरची सॉफ्टवेअर्स घेऊ नका. त्यांनी मशीन वेगवान होत नाही, उलट चालतं काम बिघडण्याची भीती असते.

विंडोज की आणि व्ही दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी एकदा चालू करा. मग शेवटच्या २५ कॉपी केलेल्या गोष्टी तिथून निवडून पेस्ट करता येतात. पत्ते, खाते क्रमांक, ठरलेली वाक्यं पिन करून ठेवली की रीस्टार्टनंतरही ती राहतात. दिवसभर फॉर्म भरणाऱ्याचा यात खूप वेळ वाचतो. पासवर्ड कॉपी करत असाल तर तो यादीतून लगेच काढून टाका. विंडोज, कंट्रोल आणि डी दाबलं की नवा रिकामा डेस्कटॉप मिळतो. हिशेब एकावर, पत्रव्यवहार दुसऱ्यावर ठेवून विंडोज, कंट्रोल आणि बाणाच्या कीने ये-जा करता येते. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबलं की पडद्याच्या हव्या तेवढ्या भागाचं चित्र घेता येतं. आणि मराठी लिहायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा, तिच्या पर्यायांत फोनेटिक कीबोर्ड घ्या आणि विंडोज की व स्पेसबारने भाषा बदला.

एवढं करूनही मशीन रेंगाळत असेल तर टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कवर क्लिक करा. प्रकार ‘एचडीडी’ लिहिलेला असेल आणि साधं काम करतानाही वापर १०० टक्क्यांवर चिकटून राहत असेल, तर दोष विंडोजचा नाही, फिरत्या डिस्कचा आहे. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही सेटिंगने पडत नाही. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करणं हा त्यानंतरचा खर्च. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर घेणारी सॉफ्टवेअर्स मिळतात, त्यामुळे सगळं पुन्हा मांडावं लागत नाही. जुनी डिस्क मात्र लगेच पुसू नका. नव्या डिस्कवर काही आठवडे काम नीट चाललं की मगच ती बॅकअपसाठी वापरायला घ्या.